स्वतःचं सील

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्याला सगळे काटकोन म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की काटकोन. टेबलावरचं पेन तिरकं पडलेलं दिसलं तर त्याला घास गोड लागत नसे. भिंतीवरची चौकट जरा कललेली असली की समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर टाकून हा आधी ती सरळ करून येई. दारसुद्धा तो बरोबर काटकोनात उघडी, ना कमी ना जास्त. बायको म्हणायची, "यांच्या रागालासुद्धा इस्त्री केलेली असते."

पण कामाचा माणूस होता, यात वाद नाही. गावातल्या सगळ्या पंपघरांना जोडणारं फायबरचं जाळं त्याच्या ताब्यात होतं. प्रत्येक पंपघराशी लोखंडी पेटीत एक कंट्रोलर बसवलेला. मुख्य कचेरीतून हुकूम सुटला की तो पंप चालू करणार, बंद करणार, टाकी भरली की कळवणार. उद्या कुणी उपटसुंभ आपलं यंत्र मध्येच घुसवून 'मीच टेकडीवरचा कंट्रोलर' असं सांगू लागला, तर अख्ख्या गावाच्या तोंडचं पाणी पळेल. या एका विचारानं काटकोनाची झोप उडायची. म्हणून वरिष्ठांच्या मागे हात धुऊन लागून त्यानं नवी यंत्रणा आणवली.

या यंत्रणेत प्रत्येक कंट्रोलरला आपली ओळख दोनदा पटवून द्यावी लागे. एकदा त्याच्या पोटातल्या गुप्त किल्लीनं, आणि दुसऱ्यांदा उजेडानं. फायबरमधून येणारा उजेड वाटेतल्या प्रत्येक जोडाच्या, प्रत्येक वळणाच्या खुणा घेऊन येतो. त्या खुणा यंत्रणेनं पहिल्या दिवशीच पाठ केलेल्या. उजेड जरा वेगळा दिसला की ती समजायची, मध्ये कुणीतरी काहीतरी बसवलंय. मग त्या कंट्रोलरची ती एक ऐकायची नाही. काटकोन स्वतः खातरजमा करून त्याला पुन्हा आत घेईपर्यंत त्याला दारात उभं करायची नाही. तोवर पंपघरातल्या ऑपरेटरनं हातानं पंप चालवायचा, आणि टाकी किती भरली ते शिडीवर चढून बघायचं.

पेटीत फायबर जिथून आत येई, तिथे काटकोनानं पत्र्याचं झाकण बसवून त्यावर आपलं सील ठोकलं होतं. ते सील त्याच्याशिवाय कुणी तोडायचं नाही, असा नियम. नियम त्याचाच.

आता साडूकडे वळू. काटकोनाच्या धाकट्या मेहुणीचा नवरा याच खात्यात जॉइंटर होता. तुटलेलं फायबर जोडणं, नवी लाइन ओढणं हे त्याचं काम. हात चलाख आणि तोंड त्याहून चलाख. सासऱ्यांच्या घरी दोघे जावई जमले की सासरे आपली खुर्ची साडूजवळ ओढून घेत आणि काटकोनाला विचारत, "काय, तब्येत बरी ना?" मग साडू सुरू होई. "आमच्या साडूभाऊंना झोपेत कूस बदलायची झाली तर आधी अर्ज द्यावा लागतो, बरं का!" सासरे हसत, सासूबाई पदर तोंडाला लावत, मेहुणी हसता हसता नवऱ्याला कोपर मारी. एकदा काटकोनाची बायकोही हसली होती. ते हसू काटकोनानं मनात जपून ठेवलं होतं, तळव्यात सल जपतात तसं.

यंत्रणा सुरू झाली त्या दिवशी टेकडीवरच्या पंपघरात मोठा थाट झाला. पाहुणे आले, फोटो निघाले. नंतरचे काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. टेकडीवर दुसरा पंप बसवायचा ठरलं आणि त्याची लाइन जोडायला साडूला पाठवलं, तिथून दुखणं सुरू झालं.

साडू पेटीपाशी गेला की थोड्या वेळानं यंत्रणा कंट्रोलरला नाकारायची. 'हा तो नव्हे.' काटकोन धावत वर जाई, पेटी उघडून सगळं तपाशी, काही सापडत नसे. कंट्रोलरला आत घेऊन तो खाली आला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टेकडीवरच्या इस्पितळाच्या टाक्या एकदा तळाला गेल्या, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. वरून फोन सुरू झाले.

काटकोनानं नोंदी काढल्या. पेटीचं दार कुणाच्या कार्डानं उघडलं ते यंत्रणा टिपून ठेवत असे. प्रत्येक वेळी आधी साडूचं कार्ड, मग दार उघडलं, मग कंट्रोलर नाकारला. काटकोनानं स्वतः वर जाऊन तेच दार पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. काही झालं नाही. कंट्रोलर शहाण्या मुलासारखा जागच्या जागी. म्हणजे दोष दारात नव्हता. जो दार उघडतो त्याच्यात होता. एक अधिक एक दोन.

खरं सांगायचं तर हे दोन झाले तेव्हा त्याला बरं वाटलं. वाईटही वाटलं, नाही असं नाही, पण आधी बरं वाटलं.

मुख्य अभियंता मॅडमनी बैठक बोलावली. सगळे बसल्यावर काटकोन उठून उभा राहिला.

"तो माझा साडू आहे, हे मी आधीच सांगतो," तो म्हणाला. "पण पाण्याच्या बाबतीत मी नातं बघत नाही. लाइनमध्ये कुणीतरी काहीतरी लावतंय. लावायचं आणि काढून न्यायचं. आणि तिथे हात पोचतो तो एकाच माणसाचा."

मॅडमनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "हे सोपं नव्हतं तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. काटकोनाची मान आणखी ताठ झाली.

साडूचं कार्ड बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या वाटपाला सगळे आवारात जमलेले असताना सुरक्षावाल्यांनी त्याची झडती घेतली. लांब टेबलावर त्याची पिशवी रिकामी केली. फायबर कापायचं हत्यार, जोडायचं यंत्र, पक्कड, चिमटे, पुसायचे कागद, जेवणाचा डबा. डबाही उघडून पाहिला.

"नीट बघा रे," साडू म्हणाला, "खालच्या कप्प्यात दोन पंप लपवलेत."

कुणी हसलं नाही. ज्या माणसाच्या साध्या शिंकेलाही लोक हसायचे, त्याच्या विनोदावर अख्खं आवार गप्प राहिलं. साडूनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी काटकोनाकडे. काटकोनानं नजर खाली घेतली. टेबलावर मांडलेल्या हत्यारांत एक चिमटा तिरका पडला होता. त्यानं बोटानं तो सरळ केला.

काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे हुशारीनं लपवलंय, असं ठरलं. चौकशी संपेपर्यंत साडूनं घरी बसायचं.

संध्याकाळी मेहुणी आली. चपला न काढता दारातच उभी राहिली.

"भावजी, इतकी वर्षं बघताय तुम्ही यांना. हे असं करतील?"

"यंत्रणा जे सांगते ते मी सांगितलं," काटकोन म्हणाला.

"मी यंत्रणेला नाही विचारत. तुम्हाला विचारतेय."

काटकोन उत्तर जुळवत होता, तेवढ्यात त्याची बायको पुढे झाली. "हे बघ, हे उगीच काही बोलायचे नाहीत. एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल, पण हे खात्री केल्याशिवाय शब्द काढायचे नाहीत. बोललेत म्हणजे काहीतरी असणारच. घरी जाऊन त्याला नीट विचार. कुठं उठतो-बसतो, कसले मित्र आहेत त्याचे, तुला तरी सगळं माहीत आहे का?"

"ताई!" मेहुणी एवढंच म्हणाली. मग जिना उतरून गेली. बायकोनं दार लावलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बोलले खरी. पण तुमच्यावर कुणी बोट दाखवलेलं मला नाही सहन होत." त्या क्षणी काटकोनाला आपण फार भाग्यवान आहोत असं वाटलं.

साडूच्या जागी दुसऱ्या टोळीतली एक जॉइंटर बाई दिली. धडधाकट, अबोल. तिच्यासोबत काटकोन स्वतः टेकडीवर गेला, कारण आता त्याला कुणाचाच भरवसा नव्हता. पंपघरात ऑपरेटर आपल्या पडद्यासमोर बसला होता. पेटी बाहेरच्या ओट्यावर, भिंतीला लागून.

बाईनं कार्ड लावलं, दार उघडलं आणि काम करायला जागा हवी म्हणून खांद्यानं मागे रेटून ते पार भिंतीला टेकवलं. कुणीही जॉइंटर हेच करतो. काटकोनात उघडलेल्या दाराला कोपर आपटतं.

आतून ऑपरेटरची हाक आली. "साहेब, गेला! नाकारला परत!"

बाईनं झटकन दोन्ही हात वर केले. "मी काही केलं नाही हं, साहेब," ती म्हणाली. "मी अजून पिशवीची चेनसुद्धा उघडली नाही. तुम्ही बघताय ना? तुम्ही इथंच उभे आहात ना?"

झडतीच्या दिवशी तीही आवारात होती.

"हात खाली घ्या, बाई," काटकोन म्हणाला. त्यानं दाराकडे पाहिलं. हे दार असं सपाट उघडलेलं त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं. दाराला आतून बसवलेल्या छोट्या दिव्याची वायर ताणून उभी राहिली होती, आणि तिचं दुसरं टोक त्याच्या सीलबंद झाकणाच्या फटीतून आत गेलं होतं.

त्यानं सील तोडलं. झाकण काढलं.

फायबरचं शिल्लक वेटोळं आत टांगलेलं होतं. ते सैल, ऐसपैस असावं लागतं. फायबर घट्ट वळवलं की उजेड वळणावर गळतो, हे शेंबड्या पोरालाही सांगता येईल इतकं साधं आहे. हे वेटोळं मात्र मुठीएवढं आवळून त्याच्याभोवती पांढरा प्लास्टिकचा केबल टाय बसवलेला, आणि त्याच टायमध्ये दाराच्या दिव्याची वायर. टायचं शेपूट अगदी बरोबर कापलेलं, काठाला काठ लावून. खात्यात टायचं शेपूट असं कापणारा माणूस एकच होता.

त्याला सगळं आठवलं. उद्घाटनाचा दिवस. पाहुण्यांच्या गाड्या खाली वळणावर आल्या होत्या, फोटोवाला पेटीसमोर उभा होता, आणि वेटोळं असं गबाळ्यासारखं लोंबत होतं. त्याच्या डोळ्यांत खुपलं. एक टाय लावला, सगळं कसं चापूनचोपून बसलं. वर झाकण, झाकणावर सील. दार काटकोनात उघडं होतं, तेव्हा वायरीवर ताण काहीच पडला नाही; दार भिंतीपर्यंत रेटलं तरच ती वेटोळं आणखी आवळणार होती. नंतर त्यानं तपासायला येऊन जितक्या वेळा दार उघडलं, तितक्या वेळा काटकोनातच उघडलं. आणि सीलच्या आत त्यानं एकदाही पाहिलं नाही. का पाहावं? सील त्याचंच होतं. सगळ्या जगावर संशय घेता आला, पण स्वतःच्या सीलवर घ्यायचं काही सुचलं नाही.

त्यानं टाय कापला. वेटोळं सुटून आपल्या मूळच्या घेरात आलं. त्यानं मुख्य कचेरीत सांगून कंट्रोलरला आत घ्यायला लावलं, मग दार भिंतीला टेकवलं, बंद केलं, पुन्हा टेकवलं.

"आहे, साहेब, आहे!" ऑपरेटर आतून ओरडला. "सापडलं काय?"

कापलेला टाय काटकोनाच्या मुठीत होता. बाई बघत होती. "सापडलं," तो म्हणाला, आणि काय ते सांगितलं नाही. टाय त्यानं खिशात घातला. आपण चोरासारखं काही खिशात घालतोय हे त्याला कळत होतं, तरी घातला.

मॅडमचा फोन आला. "वर सुरळीत झालंय म्हणे? बघा, त्याला बाजूला काढल्याबरोबर! तुमचा अंदाज खरा ठरला."

इथे काटकोनानं बोलायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलंही. "आलो की सांगतो," तो म्हणाला. उतारावरून गाडी खाली येईपर्यंत शरमेनं त्याचे कान तापले होते, आणि शेजारी बसलेली जॉइंटर बाई खिडकीबाहेर बघत होती.

मॅडमच्या खोलीत त्यानं टाय टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून दार लावून आल्या.

"चूक झाली, दुरुस्त झाली," त्या म्हणाल्या. "त्याचं कार्ड उद्या चालू करा. चौकशी पूर्ण, काही आढळलं नाही, एवढंच लिहू. तुमचं नाव बाहेर गेलं तर या यंत्रणेवरचाच विश्वास उडेल लोकांचा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

काटकोन मान हलवून बाहेर आला. मूठ झाकायला कुणीतरी वरूनच सांगितलं, याचं त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच त्याला घरी पोचेपर्यंत किळस आली.

बायकोला त्यानं स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून सांगितलं. ती भांडी विसळत होती. मध्येच तिनं नळ बंद केला.

"म्हणजे त्यानं काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"तुम्ही बांधलं होतं."

"हो. फोटोसाठी."

तिनं ओले हात पदराला पुसले. "मी तिला काय काय बोलले," ती म्हणाली. "माझ्या पाठच्या बहिणीला. दारात उभं ठेवून." मग म्हणाली, "झडती सगळ्यांसमोर झाली ना? मग हेही सगळ्यांसमोर सांगा. मॅडमचं मॅडमपाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात सगळे जमले. साडूला कार्ड न्यायला बोलावलं होतं. दाढी वाढलेली, पिशवी खांद्याला. काटकोन त्याच लांब टेबलाशी उभा राहिला.

"टेकडीवरच्या पेटीत दोष होता," त्यानं सुरुवात केली. "तो माझ्या हातून झाला होता. सीलच्या आत. मी... दुसऱ्यावर आळ घेतला."

"काय म्हणाले?" मागून कुणीतरी विचारलं. "ऐकू येत नाही!"

बैठकीत त्याचा आवाज चांगला खणखणीत होता. आता त्याला सगळं पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं. टाय, फोटो, सील. पुढच्या रांगेतल्यांनी तर ते दोनदा ऐकलं. मग तो साडूकडे वळला आणि हात जोडले. "माझं चुकलं. यंत्रणेच्या नोंदी तशा दिसत होत्या, म्हणून मी..."

"थांबा," साडू म्हणाला. आज त्याच्या तोंडावर विनोद नव्हता. "तुमची यंत्रणा काय म्हणाली? दार उघडलं, उजेड बदलला. एवढंच म्हणाली ना? खरं तेच म्हणाली बिचारी. चोर ती नाही म्हणाली मला. तुम्ही म्हणालात."

काटकोनाचे हात जोडलेलेच राहिले. साडूनं टेबलावरचं कार्ड उचललं, शर्टाला लावलं आणि जॉइंटरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. शेजारच्यानं त्याला जागा करून दिली. कामाचं वाटप सुरू झालं. मॅडमनी त्या दिवशी काटकोनाशी एक शब्दही काढला नाही, पण ते त्याला जाणवलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको बहिणीकडे जायला तयार होऊन बसली होती. त्यानं साडूचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. वगळावंसं वाटत होतं, पण वगळलं नाही.

"बरोबर बोलला," बायको म्हणाली. "आणि माझंही तेच झालं. तुम्ही म्हणालात म्हणून मी म्हणाले. कशावरून, असं एकदाही विचारलं नाही मी तुम्हाला. लग्न झाल्यापासून कधीच विचारलं नाही. गरजच वाटली नाही."

काटकोनाला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. पिशवी घेतली, चपला घातल्या. बहीण दार उघडेल की नाही याची दोघांनाही खात्री नव्हती. ती कुलूप लावू लागली तेव्हा तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "गॅस बंद केलाय मी."

तिचा हात कुलपावर थांबला. मग तिनं कडी काढली, चपला काढल्या आणि आत जाऊन स्वयंपाकघरात बघून आली. कुलूप लावून त्याच्या पुढे जिना उतरू लागली.